उतारा कारखान्याचा की उसाचा?

गाळप हंगाम सुरू झाला की नगर जिल्ह्यात एक शब्द जो तो उच्चारत असतो: उतारा. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, त्याचा हा आकडा. साडेदहा लागला की अकरा, यावर वार्षिक सभा गाजतात. उसाचा दरही या आकड्याला बांधलेला असल्यामुळे तो नुसता मानाचा प्रश्न उरत नाही. शेजारच्या कारखान्याचा उतारा अर्ध्या टक्क्याने जास्त लागला तर आपल्या कारखान्याची मिल जुनी झाली, असा निष्कर्ष टपरीवर लगेच निघतो. नवी मिल बसवा, नवे बॉयलर आणा! अशा वेळी एखादा जुना शेतकी अधिकारी शांतपणे सांगतो, की साखर शेतात तयार होते, कारखान्यात ती फक्त काढून घेतात. कोल्हापूरकडचा उतारा नगरपेक्षा चढा लागतो, तो तिकडच्या यंत्रांमुळे नव्हे. माती, हवामान, उसाची जात, तोड झाल्यापासून मोळी गव्हाणीत पडेपर्यंत गेलेले तास, या सगळ्यांचा तो हिशेब असतो. चांगली मिल उसातली साखर वाया जाऊ देत नाही, पण उसात नसलेली साखर ती आणणार कुठून?

या प्रकरणाचा विषय संगणकाचा आहे, पण वाद हुबेहूब हाच आहे. संगणकाच्या दुनियेतल्या त्या मिलचे नाव कंपायलर.

प्रोग्रॅमर जे लिहितो ते माणसाला वाचता येते, प्रोसेसरला येत नाही. प्रोसेसरला कळतात त्या अगदी बारक्या आज्ञा: हा आकडा इकडून उचल, त्यात तो मिळव, शून्य आले तर अमुक ठिकाणी जा. माणसाच्या मजकुराचे या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. तो शब्दाला शब्द ठेवत नाही. एकच काम करणाऱ्या आज्ञांच्या शेकडो मांडण्या असतात. कोणता आकडा प्रोसेसरच्या अगदी हाताशी ठेवायचा, कोणती आज्ञा आधी सोडायची, कोणती आकडेमोड एकदाच करून ठेवायची, हे तोच ठरवतो. एकच ऊस दोन कारखान्यांत गाळला तर साखर थोडी कमीजास्त निघते, तसा एकच प्रोग्रॅम दोन कंपायलरांतून काढला तर वेग कमीजास्त मिळतो.

कंपायलर दोन घराण्यांतले. एक सगळ्यांसाठी खुले, फुकट आणि कुठल्याही प्रोसेसरवर चालणारे. यातला सर्वांत प्रसिद्ध जीसीसी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जगासमोर ठेवलेला. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवले आणि या अवाढव्य कंपायलरच्या पोटात काय काय आहे ते शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. कंपायलर आतून उघडून दाखवणारी माणसे फार नसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. दुसरे घराणे प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांच्या घरच्या कंपायलरांचे: इंटेलचा, आयबीएमचा, सनचा, क्रेचा. आपल्या चिपच्या खाचाखोचा आपल्याइतक्या कोणाला ठाऊक, हा त्यांचा दावा. तो खोटा नाही.

पूर्वी निवड करायची वेळच येत नसे. पुण्याच्या सी-डॅकचा इतिहास पाहा. १९९१ चा परम ८००० इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर उभा होता. १९९८ चा परम १०,००० सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांचा, त्यावर सनचीच सोलारिस ऑपरेटिंग सिस्टिम. २००३ च्या जूनमध्ये जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत १७१ वा आलेला परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ चिपांवर आणि आयबीएमच्याच एआयएक्स या सिस्टिमवर चालत असे. चिप, ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपायलर एकाच घरचे. सोलारिस सनच्या कंपायलरमधून निघे, एआयएक्स आयबीएमच्या. बी-बियाणे, ऊस आणि कारखाना एकाच मालकाचा असल्यावर उताऱ्याची तुलना करणार कशाशी? पुढे २००८ चा परम युवा इंटेलच्या चिपांवर आणि लिनक्सवर आला. लिनक्स जीसीसीवर वाढलेली, चिप इंटेलची. मग साहजिकच प्रश्न उभा राहिला, की ऑपरेटिंग सिस्टिमच इंटेलच्या घरच्या कंपायलरमधून काढली तर सगळा संगणक वेगाने पळणार नाही का?

उत्तराआधी थोडे पुण्याच्या पाषाण भागात जाऊन येऊ, कारण घरचा कंपायलर किती भारी पडू शकतो हे तिथे दिसते. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, ८ जानेवारी २०१८ रोजी प्रत्युष नावाचा महासंगणक सुरू झाला. क्रे कंपनीची एक्ससी४० ही यंत्रणा, आत इंटेलचे प्रोसेसर, क्षमता चार पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी आकडेमोडी. या यंत्रासोबत क्रेचा, इंटेलचा आणि जीसीसी असे तीनही कंपायलर हाताशी असतात. शास्त्रज्ञ हवा तो निवडतो.

त्यावर चालणारे हवामानाचे प्रतिमान पृथ्वीला चौकटी आखते. चौकट साधारण १२ किमीची धरली तर १७,०४८ चौरस किलोमीटरच्या आपल्या नगर जिल्ह्याच्या वाट्याला जेमतेम १२० चौकटी येतात. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला पाऊस काही हजार मिलिमीटर, आणि पाथर्डी-जामखेडकडे पाचशे-सहाशेची मारामार. कळसूबाईचा डोंगर आणि त्याच्या पलीकडचा उतार एकाच चौकटीत पडला की अंदाज दोघांनाही लागू पडत नाही. म्हणून चौकटी लहान करायच्या. मे २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमची चौकट ६ किमीची आहे. जिल्ह्याच्या चौकटी एकदम पावणेपाचशेच्या घरात गेल्या. पण चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, शिवाय काळही लहान टप्प्यांनी पुढे सरकवावा लागतो, त्यामुळे काम आठपटीच्या आसपास वाढते. त्यासाठीच प्रत्युषनंतर २०२४ मध्ये अर्क हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा संगणक आयआयटीएमला आला.

या कामाचे रूप कसे असते? फोरट्रानमध्ये लिहिलेल्या लांबच लांब पुनरावृत्त्या. या चौकटीचे तापमान, दाब, वारा घ्या, गुणा, बेरीज करा, पुढची चौकट. पुन्हा तेच. प्रत्युषमधल्या इंटेलच्या प्रोसेसरांत चार मोठे दशांशी आकडे एकाच आज्ञेत गुणण्याची सोय आहे. पण ती वापरायची तर कंपायलरला आधी खात्री पटावी लागते की चौथ्या चौकटीचे उत्तर तिसरीवर अवलंबून नाही. मग तो चार-चार चौकटींची मोळी बांधतो आणि एकदम मिलमध्ये टाकतो. घरचा कंपायलर इथे आपली विद्या दाखवतो: मोळी कुठे बांधता येते ते ओळखणे, पुढचे आकडे वेळेआधी मागवून ठेवणे, चिपच्या कोणत्या भागावर किती भार टाकायचा ते जाणणे. अशा कामात कंपायलर बदलून दहा-वीस टक्के वेग मिळाला तर कोणी भुवया उंचावत नाही. पहाटेचा अंदाज पहाटेच लागतो, दुपारी नाही. तिथे दहा टक्केही मोलाचे.

ऊस उत्तम, मिल उत्तम, उतारा चढा. इथपर्यंत टपरीवरचा निष्कर्ष बरोबर.

ऑपरेटिंग सिस्टिमचे काम मात्र वेगळ्या जातीचे आहे. त्यासाठी कारखाना सोडून कालव्यावर यावे लागेल. भंडारदऱ्याचे किंवा मुळा धरणाचे आवर्तन सुटले की पाटावर शेजपाळीने पाणी वाटले जाते. कोणी सात नंबरचा अर्ज भरला, कोणाची पाळी, कुठली चारी आता उघडायची, कोणाची बंद करायची, कोण मध्येच दारे फोडून पाणी घेतो आहे, हे सगळे पाटकरी पाहतो. तो स्वतः एक कांडीही ऊस पिकवत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो संगणकातला पाटकरी. हा प्रोग्रॅम थांबवा, त्याला थोडा वेळ द्या, डिस्ककडून आलेली फाइल याच्या हवाली करा, नेटवर्कवरचे पाकीट त्याला पोचवा. गुणाकार-भागाकार त्याच्या वाट्याला फारसे येत नाहीत. लिनक्सचा कर्नल इंटेल-जातीच्या चिपांसाठी तयार करताना तर दशांशी आकड्यांच्या आणि चार-चार आकड्यांच्या त्या खास आज्ञा कंपायलरने वापरूच नयेत असे त्याला बजावलेले असते. कारण सरळ आहे. त्या आज्ञांसाठीच्या मोठ्या कप्प्यांत प्रोग्रॅमचे आकडे असतात. कर्नलने ते वापरले तर दर वेळी आधी सगळे बाजूला काढून ठेवावे लागतील आणि परत जागेवर लावावे लागतील. पाटकऱ्याने शेतकऱ्याच्या अवजारांना हात लावायचा नाही, असा नियमच. डिस्कच्या सुरक्षिततेची गणिते किंवा सांकेतिक लिपी अशा मोजक्या ठिकाणी अपवाद आहेत, आणि तिथला मजकूर माणसांनी हाताने लिहिलेला आहे. म्हणजे घरच्या कंपायलरची सगळ्यांत मोठी विद्या दारातच अडवली गेली.

उरलेल्या कामातही कर्नलचा बराच वेळ आज्ञा पाळण्यात जात नाही, वाट पाहण्यात जातो. प्रोसेसरच्या हाताशी असलेला आकडा एका ठोक्यात मिळतो, कॅश नावाच्या अगदी जवळच्या साठ्यातला चार-पाच ठोक्यांत, आणि मुख्य मेमरीतला आणायचा तर दोनशे-तीनशे ठोके जातात. हवामानाच्या प्रोग्रॅमला पुढे कोणता आकडा लागणार हे आधी ठाऊक असते, सगळे ओळीने मांडलेले. कर्नलला नसते. एका नोंदीत दुसरीचा पत्ता, तिच्यात तिसरीचा, असा त्याचा माग. पहिली हाती आल्याशिवाय दुसरी मागवता येत नाही. धरणातून सुटलेले पाणी टेलच्या गावापर्यंत यायला जो वेळ लागतो तो पाटकऱ्याला नवी सायकल दिल्याने कमी होत नाही.

ही गोष्ट इंटेलने सर्वांत महागात शिकली. एचपीच्या जोडीने तिने इटॅनियम ही चिप २००१ मध्ये बाजारात आणली. कोणत्या आज्ञा एका वेळी सोडायच्या हे प्रोसेसरने पाहायचे नाही, कंपायलरने आधीच ठरवून द्यायचे, असा तिचा पाया. लांबलचक आकडेमोडीत ते जमले. पण डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम असल्या, पावलोपावली वळणे असलेल्या मजकुरात कोणती मेमरी केव्हा हाती येईल हे कारखान्यात बसून सांगता येईना. कंपायलर कितीही हुशार असला तरी त्याला पाऊस कधी पडणार ते माहीत नसते. २०२१ मध्ये इटॅनियमची शेवटची खेप गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.७ या आवृत्तीतून तिचा आधारही काढून टाकला गेला.

तरीही साध्या चिपांवर लिनक्सचा कर्नल इंटेलच्या कंपायलरमधून काढण्याचा खटाटोप बरीच वर्षे झाला. अडचण पहिल्या पायरीवरच होती. कर्नल शुद्ध सी भाषेत लिहिलेला नाही, तो जीसीसीच्या बोलीत लिहिलेला आहे. शुद्ध मराठी शिकून आलेल्या माणसाला नेवाशाकडची बोली कळायला जेवढे अवघड जाईल, तेवढेच बाहेरच्या कंपायलरला तो मजकूर वाचणे. इंटेलने आपल्या कंपायलरला ती बोली बऱ्यापैकी शिकवली, कर्नलच्या मजकुरातही त्याच्यासाठी एक छोटी फाइल ठेवलेली होती. २००९ मध्ये लिनक्सडीएनए नावाच्या प्रकल्पातल्या मंडळींनी असा कर्नल काढून दाखवला, मोठमोठे आकडेही सांगितले. प्रकल्प टिकला नाही. अशा आकड्यांबद्दल मी थोडा साशंक असतो. कारखान्याच्या अहवालात एका दिवसाचा उच्चांकी उतारा ठळक छापतात, हंगामाची सरासरी बारीक अक्षरात.

त्याच वर्षी एक वेगळी घटना घडली, आणि मला ती या प्रकरणातली सर्वांत बोधक वाटते. लिनक्सच्या नेटवर्कसंबंधीच्या एका छोट्या भागात प्रोग्रॅमरने एक चूक केली होती. डबा आहे की नाही हे तपासण्याआधीच त्याने डब्यात हात घातला, आणि मग पुढच्या ओळीत विचारले, डबा आहे ना? कंपायलर तर्कशुद्ध. त्याने विचार केला: हात घालून झाला, म्हणजे डबा आहेच, मग ही तपासणी कशाला? त्याने ती ओळ गुपचूप गाळली. वेग मिळाला, कणभर. पण डबा नसतानाही पुढे जाण्याची वाट खुली झाली आणि त्या फटीतून संगणकाचा ताबा घेता येतो हे उघड झाले. गुन्हा प्रोग्रॅमरचा होता, कंपायलरने नियम मोडला नव्हता. मात्र त्यानंतर असल्या तपासण्या गाळू नकोस, अशी सक्त ताकीद कर्नलच्या बांधणीत कायमची घालण्यात आली. अशा ताकिदी कर्नलमध्ये आणखीही आहेत. हवामानाचा शास्त्रज्ञ कंपायलरला म्हणतो, कर तुला काय हवे ते. कर्नल लिहिणारा म्हणतो, मी लिहिले तेवढेच कर, फार शहाणपणा नको. मग चलाख कंपायलर आणून फायदा तो काय?

आणि चलाखी नेमकी कोणासाठी, हाही प्रश्न होताच. ऊस उत्पादकाला काटामारीचा संशय असतो. तो उगाच नसतो. इंटेलच्या कंपायलरमधून निघालेला प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसरला नाव विचारत असे. उत्तर 'जेन्युइन इंटेल' आले तर वेगवान वाट. दुसरे काही आले, तर ती चिप त्या साऱ्या खास आज्ञा पाळू शकत असली तरी तिला संथ वाटेने पाठवले जाई. डेन्मार्कचे आग्नर फॉग यांनी हे तपशीलवार उघड केले. एएमडीच्या इंटेलविरुद्धच्या तक्रारींत हीही होती. नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेलने सव्वाशे कोटी डॉलर देऊन एएमडीबरोबरचे सगळे वाद मिटवले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यात कंपायलरच्या या वागण्याबद्दल ग्राहकांना सांगण्याचे बंधन आले. यानंतर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमला सगळ्यांच्या चिपांवर चालायचे आहे, तिने एकाच कंपनीच्या मिलमध्ये आपला सगळा ऊस घालावा, असे कोण म्हणेल?

मग ऑपरेटिंग सिस्टिम वेगवान होते ती कशाने? एक उदाहरण अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतले, २००३ चे. तिथल्या एएससीआय क्यू या ८,१९२ प्रोसेसरांच्या यंत्रावर सेज नावाचा प्रोग्रॅम अपेक्षेच्या निम्म्या वेगाने चाले. शोध घेतला तेव्हा दिसले की प्रत्येक प्रोसेसरवरची ऑपरेटिंग सिस्टिम अधूनमधून स्वतःची किरकोळ कामे उरकते: नोंदी लिही, हालहवाल कळव. एकट्या यंत्रात ते जाणवतही नाही. पण हजारो प्रोसेसरांना दर पावलाला एकमेकांसाठी थांबायचे असेल, तर कोणत्याही क्षणी कोणीतरी एक त्या किरकोळ कामात अडकलेला असतो आणि बाकी सगळे ताटकळतात. ऊसतोडीच्या टोळीतला एक जण दर थोड्या वेळाने तंबाखू मळायला बसला तर ट्रॅक्टर भरायचा कधी? ती कामे कमी केली, काही एकाच वेळी उरकायला लावली. कंपायलरला हात न लावता, नवे यंत्र न घेता वेग जवळजवळ दुप्पट झाला. क्रेच्या यंत्रांत गणन करणाऱ्या प्रोसेसरांवर मुद्दाम छाटलेली लिनक्स बसवतात, ती याच जातीच्या शहाणपणातून.

दुसरा मार्ग कंपायलरचाच, पण वेगळ्या तऱ्हेने. आधी कर्नल खऱ्या कामावर चालवायचा आणि कुठल्या वाटा रोजच्या पायाखालच्या, कुठल्या वर्षाकाठी एकदा तुडवल्या जातात, याची नोंद ठेवायची. मग ती नोंद कंपायलरच्या हाती देऊन पुन्हा बांधणी करायची. रोजच्या वाटेवरचा मजकूर एकमेकांशेजारी येतो, कॅशमध्ये मावतो, वाट पाहणे कमी होते. शेतकी अधिकाऱ्याने गटवार पीक पाहून तोडीचा कार्यक्रम आखावा, तसे. या कामात गूगल पुढे आहे. क्लँग नावाच्या खुल्या कंपायलरमधून काढलेला कर्नल तिने २०१७ पासून आपल्या पिक्सेल फोनांत घातला, आणि नोंदींवरून बांधणी करण्याची ही सोय लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत, ६.१३ मध्ये, जानेवारी २०२५ ला आली. मिळतात ते काही टक्केच. पण अब्जावधी फोनांच्या बॅटरीवर ते काही टक्के.

इंटेलचा जुना घरचा कंपायलर या घडामोडींत मावळला. लिनक्सच्या ६.३ आवृत्तीने, एप्रिल २०२३ मध्ये, त्याच्यासाठी ठेवलेली ती छोटी फाइल काढून टाकली. इंटेलनेही तो बंद करून नवा बाजारात आणला. त्याचा पाया क्लँगचाच, खुल्या घराण्यातला; वर इंटेलने आपली विद्या चढवलेली. आयबीएमनेही तसेच केले. कारखाने वेगवेगळे, पण मिलचे लोखंड एकाच ओतशाळेतले.

१९८३ च्या सुमारास प्रवरानगर, संगमनेर आणि कोपरगावला सहकाराच्या छायेत अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. उसाच्या पैशावर शिकलेली मुले पुण्याला जाऊन संगणकाच्या धंद्यात शिरली. त्यांच्यापैकी कोणी हंगामात गावी आले तर बांधावर उभा असलेला, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय त्यांना फोन दाखवून विचारतो, उद्या पाऊस आहे का? पडद्यावरचा ढग पाषाणच्या संगणकावर चार-चार आकड्यांच्या मोळ्या बांधून काढलेल्या गणितातून आलेला असतो. तो ढग या फोनपर्यंत आणून पोचवणारा कर्नल बहुधा क्लँगमधून निघालेला. चिटबॉयला यातले काही नको असते. रान ओले झाले तर ट्रॅक्टर आत जाणार नाही, तोडलेला ऊस बांधावर वाळेल, आणि उतारा तिथेच घसरायला लागेल. त्याला टोळीला आज संध्याकाळी निरोप द्यायचा असतो, उद्या कोयते काढायचे की नाही ते.